न पाहिलेल्या फ्रीजची जाहिरात

ग्राफिक डिझाइन हा शब्द तेव्हा वऱ्हाडात कोणाच्या बापाने ऐकला नव्हता. आम्ही शिकत होतो ते कमर्शियल आर्ट. साठच्या दशकात अमरावतीच्या एका चित्रशाळेत त्याचा वर्ग निघाला आणि मी नाव घातलं. अकोल्याला घरी सांगितलं, तर शेजारचे काका म्हणतात, "म्हंजे दुकानाच्या पाट्या रंगवाच्या का बे?" टाळकंच सरकलं माझं. कितीदा सांगायचं या लोकांना?

शेवटच्या वर्षाला सरांनी विषय दिला, फ्रीजची जाहिरात. सर पुण्याचे. "पेपरातलं चित्र उतरवायचं नाही. वस्तूसमोर बसा, स्केच करा, मग लेआउट." अहो, पण बसा कुठे? आमच्या उन्हात पोस्टर कलर ब्रशवरच वाळायचा, बोर्डावर ताणून चिकटवलेला कागद भर दुपारी फट्‌कन फाटायचा, तेही आम्ही निमूट सोसत होतो. त्यात आता फ्रीज! अमरावतीत एका औषधाच्या दुकानात इंजेक्शनं ठेवायला एक होता म्हणे. गेलो. मालक काउंटरच्या आत येऊ देईना. टाचा उंचावून मला दिसलं ते फक्त फ्रीजचं पांढरं डोकं.

या विषयात नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की चित्रकला बंद, हे बाबांनी आधीच बजावून ठेवलं होतं. बाबा अकोल्यात एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर कामाला होते. "नापास झाला त साहेबाले सांगून तुले शिपायात लावून देतो. बस झाले तुहे रंग." आणि बाबा बोलले की करणारच.

सुट्टीत घरी बसून मी जाहिरात करायला घेतली. घर एका खोलीचं. तीन दिवस मी ती अडवली आणि सगळ्यांना ओट्यावर हाकललं. संध्याकाळी बाबा कामावरून आले आणि मागे येऊन उभे राहिले.

"काय काढून राहिला बे?"

"जाहिरात."

"कायची?"

"तुमाले नाई समजाचं, बाबा. उजेडातून हटा जरा."

हटले.

फ्रीजचा खालचा भाग मी डोकं चालवून काढला. दूध-लोणी ठेवायचं कपाट म्हटल्यावर चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या हव्यातच, नाहीतर मुंग्या चढणार! आमच्या जाळीच्या कपाटाखाली होत्याच की. वाट्या अशा झकास रंगवल्या, पाण्यावर चकाकी आणली, की बाकी जाहिरातीपेक्षा माझा जीव त्यांच्यावरच जडला.

सरांनी भर वर्गात विचारलं, "हे काय?"

"वाट्या, सर. मुंग्यांसाठी."

सर हसले. मग वर्ग हसला. चांदूर बाजारच्या ज्या पोट्ट्याने स्वतःच्या फ्रीजला कडी-कोयंडा काढला होता, तोही खिदळत होता! सर डोळे पुसत म्हणाले, "आठ दिवस देतो. खरा फ्रीज बघून पुन्हा करून आणा. नाहीतर नापास."

मिळेल त्या गाडीने अकोला गाठलं. डोकं नुसतं भणभणत होतं. घरात पाय ठेवला आणि आईवरच ओरडलो, "या अख्ख्या वऱ्हाडात एक फ्रीज धड पाहायला मिळत नाही! जी वस्तू जन्मात पाहिली नाही ती काढायची कशी माणसाने?" बाबा नुकतेच कामावरून येऊन मोरीत पाय धूत होते.

"फ्रीज पाह्याचा हाये का तुले?"

"हो!"

"साहेबाच्या घरी हाये ना. रोज मीच पुसतो. आत बर्फ साचला त तो बी मीच काढतो."

"मंग सांगतलं काहून नाई?" असा उलट त्यांच्यावरच खेकसलो. काय म्हणावं माझ्या अकलेला!

बाबांनी सावकाश पाय पुसले. "म्या इचारलं ना तुले, कायची जाहिरात म्हणून. तू म्हणे, तुमाले नाई समजाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला बंगल्याच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात नेलं. फ्रीज उघडून रबर कुठे, बर्फाचा कप्पा कुठे, मागे मोटर कुठे, सगळं दाखवलं. आमच्या सरांनी कधी इतकं समजावून सांगितलं नव्हतं. मला इतकी लाज वाटत होती की एक रेघ सरळ येईना. त्या स्केचवर मी पुढे पास झालो, शिपाई व्हायचं टळलं. पण त्या वेळी मान वर करवत नव्हती.

इतक्यात बाईसाहेब आत आल्या. कपाळाला आठी. "फ्रीज का उघडा ठेवलाय? आणि हा कोण?"

त्यांच्यासमोर बाबांची मान कायम खाली असायची. त्या दिवशी ते फ्रीजचं दार धरून तसेच उभे राहिले.

"माहा पोरगा हाये, बाईसाहेब. त्याचं काम चालू हाये. जरा थांबा."