खिशातली खोडरबरं

"काऊन खोडून राह्यला बे? बिघडलं ना? मंग दाखव मले."

एवढं म्हणून तो पोराच्या हातातलं खोडरबर काढून घ्यायचा आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकायचा. शाळा सुटेपर्यंत खिसा फुगलेला. सिंदेवाहीच्या त्या शाळेत आम्ही दोघंही चित्रकला शिकवायचो. मी वयानं थोरला, म्हणून मला भाऊ म्हणायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, राग यावा असं काहीच न करणारी. मला त्याचा राग यायचा.

तोवर गावात चित्रकलेचं पुस्तक माझ्या एकट्याच्या नावावर होतं. दोन डोंगर, मधून सूर्य, नदीकाठी नारळ. आमच्या जंगलात नारळ कुठला? पण पोरं तेच काढायची आणि मी भरभरून गुण द्यायचो. पुस्तकाचे गठ्ठे मात्र माझ्याच पलंगाखाली.

गावात इंटरनेट कॅफे निघाला तसा तो वीज असेल तेव्हा तिथं जाऊन बसायला लागला. ब्लॉग लिहायचा. मोहाचं झाड कसं काढावं, सागाचं पान, बांध घातलेलं धानाचं शेत म्हणजे बांधी. प्रत्येक धड्याखाली एक ओळ : बिघडलेलं पाठवा. लोक पाठवायचे! कुणी पुण्याची आई, कुणी आखातातला फोरमन, एटापल्लीचा एक शिक्षक. त्यांची चित्रं ब्लॉगवर लावून, कुठं अडलं ते पाहून हा धडा नव्यानं लिहायचा.

"भाऊ, लोक म्हणून राह्यले, पुस्तक काढा."

"फुकट वाचणारे विकत घेतात काय रे?" मी म्हणालो. म्हणताना फार बरं वाटलं.

नागपूरच्या प्रकाशकानंही, माझ्याच प्रकाशकानं, त्याला हेच विचारलं. यानं तो प्रश्न जसाच्या तसा ब्लॉगवर टाकला. छपाईआधीच वाचकांनी आपापल्या प्रती सांगून ठेवल्या. मग प्रकाशक गाडी करून सिंदेवाहीला आला. माझ्या दारावरून गेला, थांबला नाही.

धडा खोटा पडला की मागणी गळेल, असं माझ्या मनात आलं. घरी टेबलाशी बसून त्याच्या धड्याप्रमाणे मोहाचं झाड काढलं. खरं सांगतो, मुद्दाम नाही बिघडवलं. पण खोड निघालं ते नारळाचं. खोट्या नावानं पाठवलं, खाली लिहिलं : तुमचा धडाच चुकीचा आहे.

त्यानं ते लावलं, आभार मानले आणि धड्याच्या वर नवी ओळ घातली : आधी झाडाखाली जाऊन बसा. मागणी गळली नाही, वाढली.

पुस्तक आलं. शिक्षकांच्या खोलीत त्यानं माझ्यापुढं नेमकं माझं ते झाड छापलेलं पान उघडलं.

"हा हात पाहा, भाऊ. लई वर्षांचा बसलेला हात आहे. मोहाखालीच बसला नाई फक्त."

"असेल कोणी नवशिका," मी म्हणालो.

तो हसला. त्याला ओळख पटली होती का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढं तो काविळीनं गेला, विचारायचं राहूनच गेलं.

परवा आरमोरी रस्त्याच्या मोहाखाली जाऊन बसलो. खोडरबर नेलं नव्हतं. झाड बिघडलं. तो कागद हातात घेऊन पहिल्यांदाच त्याच्या वर्गाच्या दारापर्यंत गेलो.

आत पोरं माना खाली घालून खोडत होती. फळ्यावर नवे सर नारळ काढत होते, माझ्या पुस्तकात पाहून.