आढ्यावरचा रानकोंबडा

जेबेझ नॉर्थकॉट आमच्या डेव्हन परगण्यातला चांगला छप्पर शाकारणारा. हात भरभर चालायचा. त्याच्या हाताखाली मी उमेदीची सगळी वर्षं पेंढ्या वाहिल्या. एका घराला त्याने सबंध उन्हाळा घेतला, असं एकदाच झालं. ते घर लव्हडे एंडाकॉटचं.

घर फार जुनं. भिंती मातीच्या, पेंढा आणि शेण घालून पायाने तुडवलेल्या, दोन हात जाड. एकही कोपरा काटकोनात नाही. माडीच्या खिडक्यांवर छप्पर भुवईसारखं वळलेलं. वळचण एवढी पुढे की पन्हळ लागत नाही. आम्ही जुना पेंढा सगळा उपसत नाही. वरचा कुजका थर खरवडायचा, खालच्या धडक्या थरावर नवा बसवायचा. या घराचा तळचा थर काळा कुळकुळीत, धुराडं नव्हतं तेव्हाच्या धुराने.

लव्हडे विधवा, जेबेझ विधुर. हे छप्पर झालं की जेबेझने हत्यारं ठेवायची आणि शेजारच्या कॉर्नवॉलला बहिणीकडे राहायला जायचं, असं बहिणीनेच ठरवलं होतं. तिच्या घरात मांजर चालत नाही, सफरचंदाची सायडर चालत नाही, शिट्टी चालत नाही.

दक्षिणेचं पाखं पुरं झालं. जेबेझने मान तिरकी केली.

"एनॉक, उतार पोटात गेलाय. उसव."

"सरळ तर आहे!"

"तू खालून बघतोयस."

"लोक छप्पर खालूनच बघतात, लेका."

उसवलं. पुन्हा बसवलं. चार वाजता लव्हडेने चहाला हाक मारली की जेबेझ उतार विसरायचा.

शेवटी राहिला आढ्यावरचा पक्षी. आमच्याकडे पेंढ्याचा पक्षी आढ्यावर बसला की काम संपलं. जेबेझचा ठरलेला रानकोंबडा. त्याने तो विणून दाखवला.

"शेपूट आखूड आहे, नॉर्थकॉट," लव्हडे म्हणाली.

दुसरा विणला.

"मान किती ताठ! माझी सासू आठवली."

तिसरा. "हा माझ्याकडे टक लावून बघतोय."

"तोंड फिरवून बसवतो, बाई."

"म्हणजे गावाकडे पाठ? नवा करा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोघं मिळून मला पेंढा वाहायला लावत होती. पण जेबेझच्या डोक्यात काही शिरेना.

"तिला माझं काम पसंत नाही," तो शिडीखाली कुरकुरला. "आणि रविवारी बहीण गाडी घेऊन येतेय."

"मग बोल ना तिच्याशी."

"आधी पक्षी होऊ दे."

"पक्षी ती होऊ देणार नाही, गाढवा!"

त्याने फक्त कात्रीला धार लावली.

शनिवारी दोघं चहा घेत असताना मी उरलेल्या पेंढ्याचा एक पक्षी वळला, वर चढलो आणि काटक्यांच्या आकड्या ठोकून पक्का केला. ठोकाठोक ऐकून दोघं बाहेर धावली.

"हे काय आहे, एनॉक?"

"रानकोंबडा."

"बदक आहे," लव्हडे म्हणाली.

"बदकाला लाज वाटेल," जेबेझ म्हणाला.

"काम संपलं." मी खाली उतरलो, शिडी काढून खांद्यावर घेतली.

जेबेझने पेंढा ठोकायची थापी उचलली, पुसली, परत पुसली. थापी स्वच्छच होती.

"आता माझं इथे काही काम उरलं नाही, बाई."

"काम नसेल तर माणसाने राहू नये का?"

तो लाल झाला. "उद्या बहीण येतेय न्यायला."

"येऊ दे. चहा घेईल आणि रिकाम्या गाडीने परत जाईल. चालेल ना तुम्हाला, जेबेझ?"

जेबेझने मान डोलावली. एवढं एक काम त्याने झटक्यात केलं.

बहीण आली. तणतणली, मग चहाला बसली. तिने कॉर्नवॉलच्या रीतीने स्कोनच्या पावावर आधी जॅम फासला आणि वर साय घातली. आमच्या डेव्हनमध्ये साय आधी. यावरून लव्हडेने सख्ख्या दिराला टेबलावरून उठवलं होतं. आज तिने पाहिलं, आणि जॅमची वाटी होणाऱ्या नणंदेकडे आणखी सरकवली.