हेळव्याच्या वहीतला दौलू

"दौलू रामा. बिनलग्नाचा. निर्वंश मेला," हेळव्याने वाचले आणि वही मिटली. हेळवी (घराण्याच्या पिढ्या लिहून ठेवणारा, सुगीनंतर येऊन वाचून दाखवणारा) वाचतो ते आमच्याकडे खरेच धरतात. आणि त्या दौलूचा नातू मोहन माझ्या शेजारी घोंगड्यावर बसला होता, चांगला साठी ओलांडलेला.

पोर्ट ब्लेअरहून आलेल्या मोहनला मराठी कळत नाही. "दीदी, दादा का नाम आया न?" त्याने हसून विचारले.

दौलू माझ्या आजाचा धाकटा भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्याने एकाला कुऱ्हाडीचा दांडा मारला, माणूस गेला, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गुन्हा त्याचाच, मी झाकत नाही.

सकाळी आम्ही दोघे सांगलीहून एसटीने निघालो होतो. विटा मागे पडल्यावर ऊस विरळ झाला. दिघंचीजवळ गाडी पंक्चर. बाभळीखाली भाकरी-ठेचा खाताना मोहनने सगळे सांगितले. दौलूने जेलात काथ्या कुटला, जंगलात ओंडके ओढले. वागणूक बघून बाहेर सोडले, पण बेटावरच राहायचे. त्याने रान तोडून भात लावला, तिथल्याच एका कैद्याची मुलगी केली. ज्वारी मिळेना म्हणून तांदळाच्या भाकरी थापायचा. गावाला पत्रे लिहिली, उत्तर गेले नाही. मोहनला एवढेच हवे होते, की वहीत आजोबांखाली त्यांच्या मुलांची नावे लागावीत. म्हसवडच्या पुढे माझ्या माहेरच्या गावात उतरेपर्यंत तो खुशीत होता.

मी हेळव्याला म्हणाले, "उघड वही. नातू समोर बसलाय."

"आक्का, कारभाऱ्यानं सांगितल्याबिगर लिवता येत न्हाई."

कारभारी म्हणजे माझा भाचा बाजीराव. तो म्हणाला, "आत्ती, आज नाव लिवलं की उद्या ह्यो रानात वाटणी मागायचा. आन खुन्याचा वंश कशाला पायजे आपल्याला?"

"खुन्याच्या वाटणीची विहिरीकडची पट्टी चालती व्हय रं? ऊस गोड लागतो का? पत्रं आली तवा तुझ्या पंजानं, माझ्या आजानं, चुलीत घातली. आजीनं सांगितलंय मला. जित्या भावाला मेला म्हणून लिवून घेतलं!"

"तुमी दिल्या घरच्या. हितलं तुमाला काय?"

मोहनला सूर कळला असावा. त्याने पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. जमिनीवर हक्क नाही, असे तो तिकडूनच लिहून, सही करून आला होता. बाजीरावने कागद उलटून मागची कोरी बाजूही बघितली. "कागदं काय, फिरत्यात," म्हणाला.

हेळव्याने सुपातली ज्वारी पोत्यात ओतली, वही छातीशी धरली, मोटारसायकलला किक मारली.

जेवायला न थांबता मी मोहनला उठवले. परतीच्या गाडीत तो म्हणाला, "दीदी, खाना खाए बिना निकले. उनको बुरा तो नहीं लगा होगा?" ज्यांनी त्याच्या आजाला दोनदा हाकलले, त्यांच्या मनाची काळजी! मला इतका संताप आला की सांगलीला घरी पोचताच मी कागद-पेन घेऊन बसले.

वही त्यांची आहे, हा कागद माझा. दौलू रामा, मूळ गाव म्हसवडजवळ. बायको सुंदरी. मुलगे शंकर आणि गणपत, मुलगी तारा. शंकरचा मोहन. काळ्या पाण्यावर गेला, आणि म्हातारा होईपर्यंत जगला.