बाईंनी मांडलेल्या आंब्याच्या साली

रोझलिनबाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणाची. देवगडजवळच्या आमच्या वाडीत शाळेमागे बेहड्याचं जुनं झाड आहे, त्यावर वाघळांची, म्हणजे फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांची वस्ती. शेजारीच माझी हापूसची बाग. वाघळं आंबे नासवतात, झाड तोडा, असा अर्ज मी सह्या गोळा करून वाडीच्या सभेपुढे ठेवला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या रोझलिनबाईंनी पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि मला चार शब्द सुनावले. मीही काही कमी बोललो नाही.

त्याच आठवड्यात माझी आई अंथरुणाला खिळली. बाई रोज येऊन तिचे केस विंचरून देत. झाडाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मला लाज वाटे, पण अर्ज काही मी मागे घेतला नाही.

इकडे नववीची मुलं रोज सकाळी हातमोजे घालून बेहड्याखाली पडलेलं वेचत होती. उंडीच्या बिया, काजूबिया, अर्धवट खाल्लेली उंबरं. आपलं रान कोण पेरतं, हे त्यांना तिथंच उमगलं. पण एके दिवशी हापूसच्या साली सापडल्या आणि मुलं घाबरली.

"बाई, ह्यो साली लपवया. नायतर झाड तोडतले!"

"गावला ता सगळा दाखवचा," बाई म्हणाल्या. "आज लपवलात, तर उद्या आपल्या खऱ्यावर पण कोण विश्वास ठेवचो नाय."

हे मला मुलांनीच पुढे सांगितलं.

सभेत बाईंनी बियांच्या ढिगाशेजारी त्या साली मांडल्या. मी मनात म्हटलं, जिंकलो! तेवढ्यात बाईंनी विचारलं, "बाबल्या, हापूस तू कच्चो उतरवतंस की पिकलेलो?"

"कच्चो."

"वाघळां पिकलेलाच खातत. मगे ह्यो पिकलेलो खंयचो?"

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. साल पिवळीधमक होती. आंबे उतरवायच्या झेल्यातून निसटून झाडावरच राहिलेला आणि तिथंच पिकलेला, बाजारात कधी जाणारच नव्हता असा तो आंबा. "माझोच. तोडणीत चुकलेलो," मी म्हणालो आणि अर्ज फाडला.

ती मुलं आता कर्ती झाली आहेत. बेहड्याजवळ फटाके वाजू देत नाहीत, पडलेलं पिल्लू दिसलं तर उघडा हात न लावता वनखात्याला कळवतात. बाईंचं खरं शिकवणं ते हेच.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना झाडावर पिकलेला हापूस फार आवडतो, म्हणून दरवर्षी एक फांदी मी न तोडता राखतो. पहिला आंबा बाईंचा, बाकीचे वाघळांचे. बाईंनी ठणठणीत राहून शंभर वर्षं तो खावा. वाघळं सांजेला उठायच्या आधी तो काढायचं माझ्याकडे लागलं.