अण्णांचा आवाज वारज्यात होता

माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. गावच्या जत्रेत वर्षानुवर्षं कुस्त्यांचं निवेदन केलेला माणूस हा. माईक बंद पडला तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. आता गावातल्या दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडले होते. डॉक्टर म्हणाले, "ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा. बोलायची ओढ लागली पाहिजे."

मी नकला करणारा. शाळेत हेडमास्तरांच्या, हिंजवडीच्या ऑफिसात मॅनेजरच्या. अण्णांची नक्कल तर तोंडपाठ. कॉटशेजारी बसून सुरू केलं, "लाल लंगोटवाला आत घुसलाय, पट काढला, काढला..." शेजारचा पेशंट हसला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

आई हळूच म्हणाली, "नको रे. ते तुला जमायचं नाही."

खरा आवाज माझ्याकडे होता, पण पुण्यात, वारज्याच्या फ्लॅटवर. अण्णांच्या कॅसेट्स मी एका जुन्या लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या होत्या. तोच आमचा सर्व्हर, बाहेरून कुठूनही मोबाईलवर लावा आणि ऐका. मात्र पुढे फायरवॉल. म्हणजे दारावरचा वॉचमनच, यादीत असेल त्याच फोनला आत सोडणार. यादीत फोन एकच, माझा. आणि तो मी गावी येताना घाईत स्वारगेटला चहाच्या टपरीवर विसरलेलो.

आईच्या फोनवरून रूममेटला लावला. त्या दिवशी तो घरूनच काम करत होता.

"अरे, मी बोलतोय. माझा फोन हरवलाय. आईचा फोन फायरवॉलच्या यादीत टाक, कसा ते सांगतो."

"स्वतःचा आवाज बरा जमलाय," तो म्हणाला.

चूक माझीच. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एकाच्या फोनवरून मी घरमालकाचा आवाज काढला आणि रूममेटला फायरवॉल बंद करायला लावली. तेही स्पीकरवर, सगळ्यांना हसवायला. त्यानंतर त्याने एक कागद लिहिला, त्यावर माझी सही घेतली आणि राउटरच्या वर चिकटवला. फोनवर कोणीही, कुठल्याही आवाजात सांगो, उघडायचं नाही.

"मस्करी नाही रे. अण्णा दवाखान्यात आहेत."

"मागच्या वेळी घरमालकाची बायको होती दवाखान्यात."

होती. तीही थाप मीच मारली होती.

आईने फोन घेतला, स्पीकर लावला. "बाळा, मी याची आई."

"नमस्कार काकू. बायकांचेही आवाज काढायला लागलास का?"

आई चिडली नाही. तिला बहुतेक कळलंच नाही. म्हणाली, "त्यांना फक्त त्यांचा आवाज ऐकवायचाय रे. दुसरं काही नको." फोन तसाच हातात धरून ती अण्णांकडे बघत राहिली. मला घ्यावासा वाटला, पण घेऊन बोलणार कोणाच्या आवाजात?

पलीकडून आलं, "काकू, उघडणार नाही. याची सही आहे. पण कॅसेट कुठली ते सांगा. मी इथे लॅपटॉपवर लावतो आणि फोन स्पीकरजवळ धरतो."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

आईने फोन उशीवर ठेवला. खरखर झाली, हलगी वाजली आणि अण्णा बोलायला लागले. तरणे, जोरात. कॉटवरच्या अण्णांनी मान हळूहळू भिंतीकडून वळवली. दोन पैलवान भिडले. त्या गलक्यात अण्णा ओरडत होते, "सोडू नको, सोडू नको," आणि इथे अर्ध्याच हलणाऱ्या ओठांतून काहीतरी आलं. "सो" असावं. आईने माझा दंड घट्ट पकडला.

"आत्ता कोण बोललं?" फोनमधून रूममेटने विचारलं.

"अण्णा," मी म्हणालो.

"मला नीट ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "परत पहिल्यापासून लावतो."