वरच्या काकांची अमेरिका

अमेरिका हा देश कसा जन्माला आला हे परमेश्वराला आणि आमच्या वरच्या काकांना, अशा दोघांनाच नीट ठाऊक होतं. आणि त्यातही परमेश्वराचे काही तपशील कच्चे असावेत असा काकांना संशय होता. वरचे काका म्हणजे दोह्याजवळच्या अल वक्रातल्या आमच्या इमारतीत बरोब्बर आमच्या डोक्यावर राहणारे गृहस्थ. मूळचे नाशिकचे. गॅसच्या कारखान्यात पंपांची देखभाल करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्यावर, म्हणून आमच्या घरात ते 'वरचे काका' आणि त्यांच्या लेखी मी 'खालचे'. 'काय खालचे, आहात का?' असं जिन्यातून ऐकू आलं की आमची ही गॅसवर चहा चढवायची आणि मी खिन्न व्हायचो, कारण पुढचा तास अठराव्या शतकात जाणार हे नक्की असायचं. जुन्या बोस्टनमधली कुठली गल्ली कुठल्या धक्क्याला मिळते हे ते डोळे मिटून सांगत. दोह्यात मात्र समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरून घरी येताना दर वेळी रस्ता चुकत. आणि ह्या माणसानं अमेरिकेत उभ्या जन्मात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

हे वेड त्यांना लागलं ते मुलीमुळे. काकू गेल्या तेव्हा मनू नऊ वर्षांची होती. त्या वर्षी भारतीय शाळेत जागा मिळाली नाही, म्हणून तिला अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत घातलं, आणि ती एक दिवस इतिहासाचं जाडजूड पुस्तक घेऊन रडत घरी आली. काका कामावरून आले, अंगावरचा कारखान्याचा डगला न काढता पुस्तक घेऊन बसले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत इंग्लंडहून निघालेल्या पहिल्या जहाजातल्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून गेले, ते पुन्हा परत आलेच नाहीत. 'पोरीला आई नाही हो, निदान इतिहास तरी पक्का हवा,' असं ते मला म्हणाले होते. ह्यावर हसावं की रडावं हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मनूला त्या विषयात काडीचा रस नव्हता. ती पुढच्या इयत्तेत गेली की तिचं जुनं पुस्तक काका ठेवून घेत.

त्यांना जगातली कुठलीही गोष्ट तिकडे नेऊन भिडवता यायची. एकदा कसल्याशा दाखल्यावर शिक्का मारून घ्यायला मी त्यांच्याबरोबर सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो होतो. तिथल्या मल्याळी टायपिस्टनं आणखी दोन शिक्के लागतील म्हटल्याबरोबर काका खुर्चीत नीट बसले आणि इंग्लंडच्या राजानं वसाहतींमधल्या कागदन् कागदावर, अगदी खेळायच्या पत्त्यांवरसुद्धा, मुद्रांकाचा कर कसा बसवला आणि त्यातून केवढा भडका उडाला, हे त्याला हिंदीतून समजावू लागले. मागे रांगेत अकरा माणसं होती. टायपिस्टनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'अंकल, क्रांती बाद में. पहले काउंटर तीन.' काका खूश झाले. 'ऐकतो हो तो,' म्हणाले.

वक्राच्या किनाऱ्यावर शुक्रवारी आम्ही कडक प्यायला जायचो. कडक म्हणजे इकडचा उकळलेला, वेलदोडा घातलेला दुधाचा चहा. काका कागदी कप हातात घ्यायचे, धक्क्याच्या कडेला जायचे आणि पहिला घोट समुद्रात ओतायचे. बोस्टनच्या बंदरात लोकांनी इंग्रजांच्या कंपनीच्या चहाच्या पेट्या बुडवल्या, त्यांच्या नावानं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं चहात माशी पडली. पुढे पुढे चहावालाच त्यांचा कप काठोकाठ भरून द्यायला लागला, 'एक समंदर का, एक अंकल का' म्हणत.

इथल्या मराठी मंडळानं एका पंधरा ऑगस्टला त्यांना 'स्वातंत्र्य' ह्या विषयावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं. चाळीस मिनिटं झाली तरी काकांचं जहाज अजून किनाऱ्याला लागायचं होतं. मुलांनी तेवढ्यात सगळे सामोसे संपवले. त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र आपल्याकडची होती. त्या युद्धात फ्रेंच अमेरिकनांच्या बाजूनं पडले, म्हणून इंग्रज आणि फ्रेंच इकडे मद्रासच्या खाली कडलूरलाही एकमेकांशी भिडले. युरोपात तह होऊन पाच महिने उलटले होते, तरी इकडे माणसं मरत होती, कारण तहाची बातमी घेऊन येणारं जहाज पोचलं नव्हतं. 'म्हणजे बघा खालचे, भांडण मिटलेलं होतं. फक्त कळलं नव्हतं!' इथे त्यांचा आवाज दर वेळी कापायचा. मी ही गोष्ट निदान तीस वेळा ऐकली असेन आणि त्यातल्या अठ्ठावीस वेळा जांभई दिली असेन.

मनूला शिकवण्याची त्यांची तऱ्हाही अशीच. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांनी बर्फात अनवाणी काढलेला हिवाळा तिला पाठ होईना, तेव्हा काकांनी एसी सोळावर लावला, तिचे मोजे काढून घेतले आणि कोरडी भाकरी हातात देऊन तिच्याकडून तो धडा दोनदा वाचून घेतला. स्वतःही अनवाणी बसले. शिंकांचे आवाज खाली आम्हाला ऐकू येत होते. पेपरात मनूला पैकीच्या पैकी मिळाले आणि दोघांना आठ दिवस ताप आला.

मुलगी मोठी झाली. पण काकांना ते कुणी सांगितलं नव्हतं. शाळा त्यांनी ठरवली, इंजिनिअरिंग त्यांनी ठरवलं, मैत्रिणी कुठल्या आणि घरी किती वाजता यायचं तेही त्यांनीच. तिचा इथला राहण्याचा परवाना त्यांच्या नावावर, म्हणून तो त्यांच्या कपाटात. ती तेवीस वर्षांची असताना तिला न विचारता नाशिकचं एक स्थळ त्यांनी जवळपास पक्कं केलं. त्यावर मनूनं त्यांना एक पत्र लिहिलं. इंग्रजीत, तीन पानं. बापानं शिकवलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासारखंच: आधी आदर, मग एकवीस कलमांत तक्रारी, आणि शेवटी 'म्हणून'. जेवणाच्या टेबलावर थर्मासखाली ठेवून ती खोलीत जाऊन बसली.

काकांनी ते वाचलं आणि त्यांना अतोनात आनंद झाला. हे मी अतिशयोक्तीनं सांगत नाही, त्यांनीच मला सांगितलं. पोरगी इतकं मुद्देसूद लिहिते ह्याचा आनंद! त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि पत्र तपासलं. 'मांडणी उत्तम. कलम सहा व अकरा एकत्र करावीत. कलम नऊला पुरावा द्यावा.' खाली सही, आणि वीसपैकी सोळा. पत्र परत थर्मासखाली ठेवून ते ड्युटीवर निघून गेले. संध्याकाळी आले तेव्हा कपाट उघडं होतं आणि मनू नव्हती. ती मैत्रिणीकडे गेली होती. तिथूनच तिनं पुढची सगळी खटपट केली आणि वर्षभरात शिष्यवृत्ती मिळवून शिकायला गेली ती थेट बोस्टनला.

'मला वाटलं तिला आवडेल,' काका आमच्या सोफ्यावर बसून म्हणाले. मला त्या वेळी गप्प बसता आलं असतं. पण माझं तोंड आधी चालतं आणि अक्कल मागून येते. मी म्हणालो, 'काका, वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर करण्याआधी शेवटचा एक समेटाचा अर्ज पाठवला होता ना? राजानं तो हातातसुद्धा घेतला नाही म्हणून तुम्ही इतकी वर्षं त्या राजाच्या नावानं बोटं मोडताय. तुम्ही तर हातात घेऊन वर मार्क दिलेत.' चौदा वर्षं हा माणूस त्या युद्धात बंडखोरांच्या बाजूनं लढत होता. आपण सिंहासनावर बसलोय हे त्याला माझ्या सोफ्यावर कळलं. ते उठले, चपला घातल्या आणि चहा न पिता वर गेले. महिनाभर जिन्यातून हाक आली नाही. तेव्हा मला प्रथमच कळलं, की मला त्या हाकेची सवय झाली होती.

मनू फोन करायची नाही असं नाही. महिन्यातून एकदा, तीन मिनिटं. गोळ्या घेतल्या का, बीपी किती, जेवण काय. काका फोन ठेवून म्हणत, 'राजनैतिक संबंध चालू आहेत.' पण 'ये' असं ती कधी म्हणाली नाही आणि ते कधी म्हणाले नाहीत, 'येऊ का?' कंपनी सुट्टी द्यायला तयार होती, तिकीट काढणं जड नव्हतं. आमची ही तर म्हणाली, 'अहो, सरळ जाऊन उभे राहा दारात.' काका मान हलवत. 'तिनं स्वतंत्र केलेला मुलूख आहे तो. बोलावणं आल्याशिवाय राजानं उतरायचं नसतं.' अशी सहा वर्षं गेली. ज्या गावाच्या गल्ल्या त्यांना पाठ होत्या, त्याच गावात त्यांची मुलगी राहत होती, आणि ते वक्राच्या धक्क्यावरून समुद्रात चहा ओतत होते.

साठी झाली, मुदतवाढ संपली, कंपनीनं परवाना रद्द करायची तारीख दिली. तीस वर्षांचं घर अकरा खोक्यांत बसलं. त्या गडबडीत काकांनी मनूच्या त्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं. तिच्या पत्राचा फोटो त्यांनी तेव्हाच, कौतुकानं, काढून ठेवला होता. पहिला मसुदा चाळीस पानांचा झाला. त्यातली अकरा पानं नुसती पार्श्वभूमी होती. ते माझ्याकडे आले. 'खालचे, जरा नजर टाका.' मी म्हणालो, 'काका, यल्ला, चला, एका पानात बसवा.' ते चिडले, गेले, आणि चार दिवसांनी एक कागद घेऊन आले. एक ते एकवीस आकडे, आणि प्रत्येकापुढे मराठीत एकच शब्द: मान्य. फक्त चौथ्या कलमापुढे एक ओळ जास्त होती. 'एसी सोळावर ठेवायला नको होता.'

'व्हॉट्सॲपवर पाठवा,' मी म्हणालो. 'तह व्हॉट्सॲपवर होत नाहीत,' ते म्हणाले. परतीचा पत्ता त्यांनी माझ्या पोस्टाच्या पेटीचा घातला. इकडे पोस्टमन दारी येण्याची पद्धत नाही. पत्रं पोस्टातल्या भाड्याच्या पेटीत येऊन पडतात. 'नाशिकचा पत्ता घातला तर तिला वाटायचं, ते स्थळ अजून तयार आहे,' असं त्यांचं कारण होतं. विमानतळावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, 'पेटी बघत जा.'

नाशिकहून दर रविवारी फोन यायचा. 'खालचे, पेटी?' सुरुवातीला मी खरंच जाऊन यायचो. बिलं मोबाइलवर येतात, सामान कुरिअरनं. पेटीत वर्षभरात जाहिरातींशिवाय काही पडत नाही. मग रमजान लागला, ऑफिसच्या वेळा बदलल्या, पोस्टाच्याही. एका रविवारी मी घरात लोळत होतो आणि म्हणालो, 'बघितली काका, काही नाही.' पुढच्या रविवारीही तेच म्हणालो. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या वेळी ते हसले आणि म्हणाले, 'शिडाचं जहाज असेल. लागेल, इन्शाल्ला.' बुधवारी सकाळी फुलं तोडताना ते अंगणातच गेले. मनू विमानानं आली, पण तोवर त्यांना नेलं होतं.

मी पेटी उघडली ती त्यानंतर. का उघडली, सांगता येणार नाही. जाहिरातींच्या खाली, अगदी तळाशी, पाकीट होतं. पोस्ट ऑफिस आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर आहे.

मी मनूला नाशिकला फोन लावला. ती म्हणाली, 'उघडा काका, वाचा.' आत काकांचाच कागद होता, लाल पेनानं तपासलेला. कधी मराठीत न लिहिणाऱ्या मुलीचं वळण, अक्षरं रेघेवरून खाली घसरलेली. चौथ्या कलमापुढे तिनं लिहिलं होतं, 'हे कलम मी मागे घेते. मला तो दिवस फार आवडला होता.' तळाशी वीसपैकी वीस. आणि त्याखाली, 'बाबा, मे महिन्यात ये. बंदर बघायला जाऊ. चहा मी आणते.'

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, 'कधी आलं होतं हे?' मला खोटं बोलता आलं असतं. सवय झालीच होती. मी म्हणालो, 'नक्की दिवस माहीत नाही गं. मी तीन आठवडे पेटी उघडलीच नव्हती. त्यांना मात्र बघितली म्हणून सांगत होतो.' ती रडत होती की नाही ते मला कळलं नाही. मग म्हणाली, 'इट्स ओके, काका.' मला ती चिडलेली चालली असती.

कडलूरची गोष्ट मला आता कुणी सांगत नाही, आणि आता मला जांभई आली नसती. काकांचं म्हणणं एका बाबतीत चुकलं. जहाज वेळेवर लागलं होतं. धक्क्यावर जाऊन बघायला ज्याला सांगितलं होतं, तो घरात लोळत होता.

हल्ली दर रविवारी मी पोस्टात जातो, पेटी उघडतो, जाहिराती काढतो. येणार काही नसतं. येताना धक्क्यावर थांबतो. चहावाला न विचारता कप काठोकाठ भरून देतो, आणि तो अंकलबद्दल विचारत नाही, कारण मी त्याला सांगितलं आहे. पहिला घोट मी समुद्रात ओततो. मग उरलेला कप हातात घेऊन उभा राहतो आणि तो निवून जातो.