ॲडमिनिस्ट्रेटरचं नाव

सानपबाई कुठलाही सरकारी कागद वरून खाली वाचत नसत. आधी तळाची सही बघायच्या. सहीखाली नाव असेल तर चष्मा नीट करून मजकुराकडे वळायच्या. नुसताच शिक्का आणि फराटा असेल तर समासात लाल पेनाने लिहायच्या, ‘कोण?’ आणि मगच कागद फायलीला लावायच्या. पाथर्डी तालुक्यातल्या त्या शाळेत मी नगरहून बदलून आलो, तेव्हा माझ्या बदलीच्या पत्रावरही त्यांनी तेच लिहिलं. मला वाटलं, बाई मलाच विचारताहेत. मी उभं राहून आपली ओळख करून द्यायला लागलो.

‘‘तुमी कुलकर्णी, ते कळलं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुमाला हिकडं पाठवायचं कुणी ठरवलं, ते इचारतीय.’’

बाई आमच्या मुख्याध्यापक होत्या. वर्गात शिकवताना पुस्तकातलं मराठी बोलायच्या, पण राग आला की घरची बोली यायची, आणि राग दिवसातून दोन-तीनदा तरी यायचाच. एकदा आमच्या फाट्यावर एसटी थांबवायला कंडक्टरने नकार दिला. ‘वरून ऑर्डर आहे,’ म्हणाला. बाईंनी पर्समधून वही काढली आणि भरल्या गाडीत त्याला विचारलं, ‘‘वर म्हंजी कोण? नाव सांगा, लिहून घेते.’’ त्याने घंटी वाजवली आणि गाडी फाट्यावर थांबली. उतरल्यावर धूळ झटकत बाई मला म्हणाल्या, ‘‘तीस वर्षं नोकरी केली सर, पन ह्यो ‘वरून’ नावाचा मानूस मला अजून भेटला न्हाई.’’

मी हसलो होतो. नगरच्या शाळेत मीही वरून आलं की मान डोलवणाऱ्यांतलाच होतो. बाईंचा तो त्रागा मला तेव्हा जरा जास्तच वाटायचा. आज वाटत नाही.

आमच्या गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला बाहेर पडतात. मुलं सोबत गेली की त्यांची सहा महिन्यांची शाळा बुडते. म्हणून शाळेतच हंगामी वसतिगृह चालायचं. मुलांनी गावात राहायचं, शाळेत जेवायचं, शिकायचं. त्यासाठी मुलांची नावं मुदतीत वर कळवावी लागत. त्या वर्षी हुकूम आला की कागदावरची यादी चालणार नाही, शाळेला दिलेल्या नव्या कॉम्प्युटरवरूनच नावं भरायची. तो प्रोग्राम त्या एकाच मशीनवर चालायचा, त्यामुळे पाथर्डीच्या सायबर कॅफेत जायचीही सोय नव्हती.

अकरा मुलं होती. त्यात सातवीतली कोमल. या मुलीला दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय होती. एसटीची पाटी, खताच्या पोत्यावरची अक्षरं, माझ्या शर्टाच्या खिशावरचं कंपनीचं नावसुद्धा. बाईंचा तिच्यावर जीव होता. ‘‘ही पोरगी एक दिवस परिपत्रकं वाचंल, आन् सही बी बघंल,’’ असं त्या म्हणायच्या.

मी नावं भरायला बसलो आणि तिथेच अडकलो. पडद्यावर सगळं अवाढव्य दिसत होतं. अक्षरं मोठी, रकाने मोठे, आणि फॉर्मचा खालचा भाग पडद्याच्या बाहेर. ‘जतन करा’ हे बटण त्या बाहेरच्या भागात. फॉर्म वर सरकत नव्हता, खिडकी लहान होत नव्हती. पडद्यावर किती मावावं हे ठरवणारी जी रिझोल्यूशनची सेटिंग असते, ती उघडली तर करडी पडलेली. तिथे माउस नेला तरी हलायला तयार नाही. खाली एक ओळ: ‘ही सेटिंग तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या नियंत्रणात आहे.’

मी मशीन बंद करून चालू केलं. वायर काढून लावली. जुन्या संगणकाचा मॉनिटर जोडून पाहिला. पडद्याचा ड्रायव्हर प्रोग्राम नव्याने टाकायला गेलो तर त्याने ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला. अंदाजाने टॅब दाबत दाबत एंटर केलं तर भरलेली अकराही नावं पुसली गेली. बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

‘‘ह्यो ॲडमिनिस्ट्रेटर कोण?’’

‘‘तसं नाव नसतं बाई. म्हणजे ज्याच्याकडे हक्क असतो तो.’’

‘‘हक्क हाय तर नाव बी असंल.’’

मग फोन सुरू झाले. तालुक्याला लावला, त्यांनी जिल्ह्याचा नंबर दिला. जिल्ह्याने मशीन पुरवणाऱ्यांचा दिला. तिथला मुलगा म्हणाला, शाळांतली मुलं सेटिंग बिघडवतात म्हणून आम्ही ती कुलूपबंद करूनच देतो, आणि पडदा प्रोजेक्टरला जुळेल असा ठेवतो. प्रोजेक्टर आम्हाला कुणी दिलेलाच नव्हता. न आलेल्या प्रोजेक्टरसाठी आमच्या मुलांची नावं पडद्याबाहेर राहिली होती. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

‘‘मग कुलूप उघडा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा, मॅडम.’’

‘‘आमचा? शाळेची मुख्याध्यापक मी हाय. मला ठाऊक न्हाई, आन् तुमाला ठाऊक हाय तर नाव सांगा की.’’

त्याने फोन ठेवला. बाईंनी पुन्हा लावला. सहा दिवस त्या रोज लावत होत्या, आणि प्रत्येक वेळी कोण बोललं त्याचं नाव लाल पेनाने वहीत लिहीत होत्या. मीही तावातावाने बोलत होतो. शिक्षकांच्या बैठकीत तर मी टेबलावर हात आपटला, बेजबाबदारपणा, अनागोंदी असे शब्द वापरले. बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. ‘‘आता तुमी आमच्यात आलात,’’ म्हणाल्या. सातव्या दिवशी मुदत संपली.

त्यानंतर दोन दिवसांनी सत्र परीक्षा होती. प्रश्नपत्रिकांची पाकिटं माझ्या ताब्यात असायची. सीलबंद पाकीट दोन साक्षीदारांसमोरच उघडायचं, ही गोष्ट माझ्या अंगात मुरलेली आहे. त्या सकाळी बाई आणि आणखी एक शिक्षिका साक्षीला उभ्या राहिल्या. मी कपाटाचा आतला कप्पा उघडला आणि गठ्ठा बाहेर ओढला. त्याच्यामागून एक लांबट पाकीट जमिनीवर पडलं. लाखेचं सील, वर ‘गोपनीय’.

कॉम्प्युटर बसवायला आलेल्या माणसाने ते जूनमध्ये माझ्या हातात दिलं होतं. बाई त्या दिवशी रजेवर होत्या. मी सही करून घेतलं, सील बघितलं आणि परीक्षेच्या पाकिटांशेजारी नेऊन ठेवलं. उघडा असा आदेश येईल तेव्हा उघडू, असं मनाशी म्हटलं. आदेश कशाला येतोय? मी विसरूनही गेलो.

बाईंनी पाकीट उचलून फोडलं. आत एकच कागद. त्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड. आणि पाकिटाच्या पाठीवर चिकटवलेल्या पोचपावतीत, ‘शाळेतील जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात पोच देणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव. माझीच सही.

बाईंनी परीक्षा वेळेवर सुरू केली आणि मला ऑफिसात घेऊन गेल्या. पासवर्ड घातला, करडी सेटिंग जिवंत झाली, एक आकडा निवडला आणि पडदा आखडून नीट झाला. तळाशी हिरवं बटण दिसलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. नावं भरून मी बटण दाबलं. ‘मुदत संपली आहे.’ बाईंनी जिल्ह्याला फोन लावला. सिस्टीमच बंद झालीय, आता आमच्याही हातात नाही, असं उत्तर आलं. ‘‘मग कुणाच्या हातात हाय?’’ हे त्यांनी विचारलं, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

मी म्हणालो, ‘‘बाई, माझ्याविरुद्ध लेखी द्या.’’

‘‘देनार हाय. पन कागद मागनं. आधी ज्यांचं नुकसान झालं त्यांना सांगा. त्यांच्या तोंडावर सांगा.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर भरत होता. भांडी, सरपण, शेळी, आणि त्या सगळ्यावर दप्तर घेऊन बसलेली कोमल. दप्तर कशाला घेतलं होतं कोण जाणे. बाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी कोमलच्या वडिलांना, अंकुशरावांना, पाकिटाचं सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता दोर आवळत होते. संपल्यावर म्हणाले, ‘‘असू द्या गुरुजी. तुमी काय मुद्दाम केलंय व्हय?’’

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच वाटलं. बाई मात्र भडकल्या, आणि माझ्यावर नाही.

‘‘असू द्या म्हनू नका अंकुशराव. ह्येंच्या पोरीचं वर्ष गेलं असतं तर ह्ये म्हनले असते का असू द्या? तुमी असू द्या म्हनता म्हनून समदे तुमाला असंच ठेवत्यात. राग धरा. ह्ये समोर उभे हायेत, नाव ठाऊक हाय, धरा राग.’’

अंकुशराव ओशाळून हसले. ट्रॅक्टर गेला. अकरापैकी चार मुलं आजी-आजोबांकडे राहिली, सात गेली.

बाईंनी माझ्याविरुद्ध लेखी दिलं, मला ताकीद मिळाली. त्याच दिवशी त्यांनी मॉनिटरच्या कडेला एक कागद चिकटवला. ठळक, लाल अक्षरांत: ‘ॲडमिनिस्ट्रेटर: श्री. कुलकर्णी सर. अडलं तर यांनाच विचारा.’ पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, आणि गेल्या उन्हाळ्यात आजारपणात गेल्या. तो कागद आता पिवळा पडलाय. काढायची मला हिंमत झालेली नाही.

बाई अजून खुर्चीवर होत्या तेव्हाची गोष्ट. हंगाम संपवून टोळी परतली आणि कोमल शाळेत आली. काळवंडली होती, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. ऑफिसच्या दारातून आत आली आणि सवयीप्रमाणे समोर दिसलेला, मॉनिटरवरचा तो लाल अक्षरांचा कागद मोठ्याने वाचायला लागली. पण मध्ये मध्ये अडखळत होती. पूर्वी अडखळायची नाही. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

‘‘गुरुजी, त्ये पाकीट तुमी का न्हाई उघाडलं?’’

मी बाईंकडे पाहिलं. त्या हजेरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘सांगा सर. पोरगी इचारतीय.’’

मी सांगितलं. सील बघून घाबरलो, आदेशाची वाट पाहिली, मग विसरलो, आणि सहा दिवस दुसऱ्यांवर ओरडत राहिलो. कोमलने सगळं नीट ऐकून घेतलं. ‘असू द्या’ म्हणाली नाही.